पाठकोरी दारं

प्रिय वहिनी,

पत्र लिहायचं किती दिवस टाळलं ते मोजायला बसले, तर टाळायला आणखी एक निमित्त मिळेल. रोज सकाळी ठरवायचं की दुपारी लिहू, दुपारी वाटायचं चहा झाल्यावर लिहू, आणि चहा झाला की समोरच्या गच्चीवर कुणीतरी कठड्यावर गादी वाळत घालताना दिसायचं. मग ती गादी राहते की पडते हे बघण्यात संध्याकाळ. (पडली. खालून जाणाऱ्या सायकलवाल्यावर. त्याला काही झालं नाही. उलट म्हणाला, या गल्लीत आज पहिल्यांदाच कुणी काहीतरी मऊ फेकलं.) बघ, दोन ओळी झाल्या नाहीत तोच माझी गाडी घसरली. शाळेत बाई उगाच नाही म्हणायच्या की ही मुलगी निबंध गाईवर सुरू करते आणि विहिरीत संपवते. पण आज मी ठरवलंय की विहिरीपर्यंत जायचंच, कारण तिथेच खरं काम आहे.

आधी या कागदांबद्दल. तू उलटून बघणारच, म्हणून सांगते, मागे छापलंय ते पत्राचा भाग नाही. ते कॅलेंडर आहे. कुणाच्या तरी हातून फेब्रुवारीला तीस दिवस छापले गेले, अख्खा गठ्ठा रद्दी झाला, आणि रद्दी माझ्या वाट्याला आली. म्हणजेच पाठकोरे. हसलीस ना? तुझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "सूनबाई, दोन-चार पाठकोरे आण बरं," आणि तू हो म्हणून जी स्वयंपाकघरात शिरलीस ती बाहेरच येईना. मी आत येऊन बघते तर तू सगळे डबे उघडून रांगेत मांडलेले, आणि माझ्या कानात विचारलंस, "गोड असतात की तिखट?" मी इतकी हसले की दादाला वाटलं मला उचकी लागली. मग मी तुला ते खिळ्याला अडकवलेले कागद दाखवले. एका बाजूने छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. तू म्हणालीस, "मग सरळ रद्दी म्हणा की!" अण्णांनी ते ऐकलं आणि त्यांना वाईट वाटलं. रद्दी म्हणजे संपलेला कागद, सूनबाई, आणि पाठकोरा म्हणजे अजून अर्धा शिल्लक असलेला. एवढं बोलून ते पुन्हा पुस्तकं बांधायच्या कामाला लागले होते.

तेव्हापासून माझी खात्री होती की हा शब्द अण्णांनीच घरी पाडलाय. कारण घराबाहेर तो कुणालाच कळायचा नाही. मी इतकी गावं हिंडले, फुगेवाल्याची गाडी सांभाळली, धोबीखान्यात चादरींच्या घड्या घातल्या, तळ्यावर भाड्याच्या होड्या मोजून घेतल्या, पण पाठकोरा म्हटलं की माणसं आपली बघत राहायची. हॉटेलात काउंटरवर होते तेव्हा मॅनेजरला म्हटलं, हिशेब करायला एखादा पाठकोरा आहे का, तर त्याने मला समोरच्या औषधाच्या दुकानात पाठवलं. त्याला वाटलं, पाठदुखीवर लावायची पट्टी मागतेय! मग मी बोलायचंच सोडून दिलं. कुणाशीही न बोलता येणारा शब्द खिशातल्या परक्या नाण्यासारखा असतो बघ. अधूनमधून हाताला लागतो, पण चालत कुठेच नाही.

आता तू विचारशील की हॉटेलातल्या मुलीकडे कॅलेंडरांचा गठ्ठा आला कुठून. ओरडू नकोस, शेजारच्या खोलीत अण्णा असतील. मी हॉटेलात नाही. तुला फोनवर सांगितलं तेव्हा होते, निदान त्या आठवड्यापुरती होते. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक बाइंडर आहे. खाली दुकान, वर ही एवढीशी खोली, जिथे कागदाच्या रिळांच्या मधोमध माझी गादी आहे. एकदा दुपारी तिथून जाताना खळीचा वास आला. मैद्याची, मंद आचेवर घोटलेली, जराशी खाली लागलेली खळ. माझे पाय थांबले. जे पाय कुठेच थांबत नाहीत म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणता, तेच. मी दारातून म्हटलं, "खाली लागतेय हो, ढवळा." आत एक टक्कल पडलेले गृहस्थ पुस्तक शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "हात रिकामे आहेत ना तुझे? मग तूच ढवळ." ते मास्तर. तशी मी ढवळायला लागले ती अजून ढवळतेच आहे.

आणि हे मी अण्णांना कळू दिलं नाही. का, ते तुला ठाऊक आहे, तू उंबऱ्यात उभी होतीस. तुझे हात चांगले आहेत आणि पाय वाईट, असं अण्णा म्हणाले होते, आणि मी तोंड वर करून म्हटलं होतं की ह्या चिकट कामाला मी जन्मात हात लावणार नाही. आता ज्या कामाला जन्मात हात लावायचा नव्हता त्यात कोपरापर्यंत बुडाले आहे, तर तसं सांगायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते काहीच म्हणणार नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघतील. ते बघणं नको म्हणून मी हॉटेलातच राहिले, तुमच्यापुरती.

तर मुद्दा. (आलाच.) मास्तर लेकीच्या बाळंतपणाला गेले होते आणि दुकानावर मी एकटी होते. एक बाई आल्या. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, आणि छातीशी एक पुडकं असं धरलेलं, जणू त्यात मांजराचं पिल्लू आहे. बांधायला आणलंय म्हणाल्या. पुडकं सोडलं तर आत चित्रं. सगळी दारांची! लाकडी दारं, पत्र्याची दारं, एक अर्धंच उघडणारं, एकाच्या खालच्या कोपऱ्यात मांजरीपुरतं भोक. शंभराच्या वर असतील. पातळ कागद, शाईचं पेन, एका बाजूला दार आणि दुसरी बाजू कोरी. मी बघतच राहिले. आणि बाई म्हणाल्या, "पाठकोरे आहेत बरं का, जपून."

वहिनी, परक्या गावात गर्दीत अचानक कुणी घरच्या नावाने हाक मारावी, तसं झालं मला. पाठकोरे! मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला? माहेरी सगळेच म्हणायचे, त्या म्हणाल्या, वडील शाळामास्तर होते. फक्त कागदालाच म्हणायचे का? कापडाला नाही? नाही गं, कापडाला उलट-सुलट असतं. पाटीला? पाटीला कशाला म्हणतील, पाटी पुसता येते. मग दोन्ही बाजूंनी लिहिलेल्याला काय म्हणायचे? पाठपोट. "पाठपोट लिहिलंय, आता जागा नाही," असं. आणि ज्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या, त्याला? बाई हसल्या आणि म्हणाल्या, "त्याला कागद म्हणायचे, बाळा."

त्या गेल्यावरही माझं डोकं त्यातच. कोऱ्या कागदाला पाठ असते का गं? मी एक कोरा कागद घेऊन उलटसुलट करत बसले. कुठल्याही बाजूला पाठ म्हणावं तर दुसरी तक्रार करेल. म्हणजे तुम्ही एका बाजूला काहीतरी लिहिलंत की त्या क्षणी दुसरी बाजू पाठ होते, त्याआधी नाही! मला हे इतकं भारी वाटलं की मी रस्त्यावरच्या किल्लीवाल्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "दुकान उघडं टाकून आलीस का?" तर होय, आले होते. दुकानात एक जाडजूड शब्दकोश शिवायला पडला होता, पाठ उसवलेला. त्यात शोधलं. आणि सापडला! एका अंगाने लिहिलेला व दुसऱ्या अंगाने कोरा, असा कागद. बास, एवढंच. अण्णांचं नाव कुठे नव्हतं. जरा वाईटच वाटलं, खरं सांगते. पण मग वाटलं, म्हणजे ते नाणं खोटं नव्हतं, मीच चुकीच्या दुकानांत चालवत होते.

मी इतकी खूश होते की बाईंसाठी काहीतरी खास करायचं ठरवलं. आणि इथेच, वहिनी, हात दाखवून अवलक्षण. कागद पातळ, मागून शाई अंधूक दिसते, आणि एवढी कोरी पाठ नुसती वाया चाललेली! आपल्या घरात कोरी पाठ दिसली की हात शिवशिवतात. अण्णांनी तर एकदा औषधाच्या खोक्याची आतली बाजू वापरून दादाला गणित शिकवलं होतं. मी विचार केला, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवले तर छान जाड पान होईल, दोन्हीकडे दार, कोरं काही उरणार नाही, खरं पुस्तक वाटेल. मग खळ शिजवली, अगदी अण्णांसारखी, कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकून आणि दोन लवंगा ठेचून. एकेक जोडी चिकटवली, दाबाखाली ठेवली. इस्त्री केल्यासारखी पानं निघाली. एकाही ठिकाणी फुगा नाही की सुरकुती नाही. मी स्वतःच्याच कामावरून हात फिरवत होते आणि, तू हसशील, पण मला वाटलं होतं की हे अण्णांनी बघायला हवं होतं.

बाई काम कुठवर आलंय ते बघायला आल्या. मी मोठ्या दिमाखाने गठ्ठा पुढे केला. त्यांनी पहिलं पान उचललं, दार बघितलं, पान उलटलं. मागे दुसरं दार. पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटलं. दुसरं पान घेतलं. मग तिसरं. माझं हसू आपोआप मावळत गेलं. बाई ओरडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला, आणि इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आता मी आत कशी जाऊ?"

मग सांगितलं त्यांनी. त्यांचे मालक विजेचे मीटर वाचायला घरोघर जायचे. मीटर बाहेरच, त्यामुळे त्यांना जन्मभर फक्त दारं दिसली. बाई नर्स होत्या, घरी जाऊन इंजेक्शनं द्यायच्या, बाळंतपणं करायच्या, त्यांना दारात कुणी थांबूच द्यायचं नाही, सरळ आत. गाव तेच, घरं तीच. जेवताना तो माणूस म्हणायचा, त्या निळ्या दाराच्या आत काय आहे गं? आणि बाई सांगायच्या. म्हातारपणी त्यांचं ठरलं की मालकांनी दारं काढायची आणि त्या-त्या कागदाच्या पाठीवर बाईंनी आतलं लिहायचं. मालकांनी आपलं काम पुरं केलं. बाईंचं आज लिहू, उद्या लिहू. मग मालक गेले. "आता बसणार होते," बाई म्हणाल्या. "डोळे अधू होत चाललेत. आहेत तोवर लिहायचं होतं. सुटी पानं उडतात, सांडतात, मागेपुढे होतात, म्हणून म्हटलं आधी बांधून घेऊ." मी त्यांना शब्दाबद्दल इतकं विचारलं, वहिनी. कुणी शिकवला, कशाला लावतात, कशाला नाही. पण त्या कोऱ्या पाठीवर काय यायचंय, हा एक प्रश्न मला सुचला नाही. निघताना त्या माझ्याच डोक्यावर हात ठेवून गेल्या, म्हणाल्या, जमलं तर बघ. त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नुसतं पाण्यात टाकून सोडवावं, तर शाई पेनची, पसरते. मी तसल्याच कागदावर स्वतः दारं काढून, चिकटवून त्यांच्यावर करून बघितलं. किटलीची वाफ दिली तर माझ्या दाराला कोळ्यासारखे पाय फुटले. कोरड्याने सोलायला गेले तर कागदाचा पापुद्रा निघाला. परवा मास्तर परतले. मी सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "काम झकास केलंयस. हीच तर पंचाईत आहे. वाईट चिकटवलं असतंस तर सुटलं असतं." मग खळीचं भांडं उचलून नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगलं. लवंग कुणी शिकवली म्हणून विचारलं. घरी, म्हटलं. घरी म्हणजे कुणी? वडिलांनी. नाव काय त्यांचं? मला खोटं सुचायच्या आत खरंच निघून गेलं. मास्तरांनी भांडं खाली ठेवलं, "हं" म्हणाले आणि बाहेर फोन करायला गेले. लेकीकडचं काही असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. एरवी मी कुणाचाही फोन ऐकते, तुला माहीत आहे, पण परवा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तर हे पत्र त्यासाठी. मला आठवतंय की मी लहान असताना अण्णांकडे कुणीतरी चिकटलेले नकाशे आणले होते आणि त्यांनी ते सोडवले होते. शाईचेच. त्यांचं एक वाक्यही आठवतंय: "कागदाला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही." पण दाखवायचं म्हणजे कसं, ते नाही आठवत, कारण तेव्हा मी टेबलाखाली बसून मुंग्या एका लवंगेला कसा वळसा घालतात ते बघत होते. टिपकागद होता का? ओला की नुसता दमट? मध्ये कापड होतं का? वर वजन किती वेळ? पाकिटात मी एक नमुना ठेवतेय. तोच कागद, तशीच शाई, तीच खळ, माझी दोन वेडीवाकडी दारं पाठीला पाठ लावलेली. फोनवर खळ दाखवता येत नाही, म्हणून पत्र. ते तू अण्णांना दे. शेजारच्या कुणाचं आहे म्हण, तुझ्या माहेरच्या कुणाचं म्हण, काहीही म्हण, फक्त माझं नाव घेऊ नकोस. ते कसं सोडवतात ते नीट बघ आणि मला कळव. तू टेबलाखाली बसू नकोस म्हणजे झालं. त्यांचे हात आता थरथरतात हे मला माहीत आहे, म्हणूनच सरळ विचारायचा धीर होत नाही. आधी त्यांना नको म्हणायचं आणि मग त्यांचेच हात मागायचे! पण बाईंचे डोळे थांबणार नाहीत, वहिनी. रोज त्या दुकानावरून जातात, आत येत नाहीत, नुसतं काचेतून बघतात आणि मान हलवून विचारतात. मी मान हलवून नाही म्हणते.

थांब, मास्तर जिन्यात हाका मारतायत. वर आले, धापा टाकत. खाली कुणी गृहस्थ आलेत म्हणे, रात्रभर प्रवास करून, आणि आल्या आल्या चहा नको, पाणी नको, आधी खळीचं भांडं कुठंय म्हणून विचारलं. आणि ही चिठ्ठी वर द्यायला सांगितली. चिठ्ठी तर माझीच आहे. भांड्याच्या झाकणावर मीच चिकटवली होती, "खळ ताजी आहे, हात लावू नये." मी मास्तरांना म्हटलं, ही तर मीच लिहिलीय. ते म्हणाले, "उलट की बाई!"

आपल्या घरची पद्धत तुला माहीत आहे. चिठ्ठीचं उत्तर त्याच चिठ्ठीच्या पाठीवर. अक्षर हललंय, पण उकाराचं शेपूट अजून तसंच लांब ओढलेलं.

"मोरचूद जास्त झालं. बाकी खळ ठीक. दारं सुटतील. खाली ये, हात लागतील."

वहिनी, अण्णा आलेत. म्हणजे परवाचा तो फोन लेकीकडे नव्हता, मास्तरांनी लवंगेवरूनच अण्णांना ओळखलं होतं. मी जाते. नमुना आता पाकिटात घालत नाही, तो खाली लागेल. पत्र मात्र टाकते, एवढं लिहिलंय पाठकोऱ्यांवर, वाया कशाला घालवू.

तुझीच, खाली पळालेली
भिंगरी